'निकामी' लिहिलेला डबा

क्लेटन टॉर्गरसनची एल्क मारायची तयारी जानेवारीत सुरू झाली. मोंटानात एल्कचा हंगाम उघडतो ऑक्टोबरच्या शेवटी. मधले नऊ महिने त्याला कसेबसे पुरायचे.

एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. एक मिळाला की हिवाळाभर फ्रीझरचं झाकण लागत नाही. नॉरीनचा भाऊ ड्वेन दर वर्षी एक मारायचा. हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणि कुत्र्याचं खाणं घेता घेता काडतुसांचं एक खोकं उचलायचा, आणि ते त्याला दहा-दहा वर्षं जायचं. क्लेटनला, म्हणजे नॉरीनच्या नवऱ्याला, गेल्या सात वर्षांत एल्कचं शेपूटही मिळालं नव्हतं. कारण तो दुकानातली काडतुसं वापरत नसे. स्वतःची स्वतः भरायचा.

त्यासाठी मागची खोली होती. खोलीत लांबलचक टेबल, टेबलावर तराजू, दाबयंत्र, पितळी पुंगळ्यांच्या बरण्या आणि भिंतीवर तक्ते. खोली खरं तर नॉरीनच्या मागाची. तिच्या मावशीने मरताना तिला हातमाग दिला होता, आणि 'दोन महिने जरा गराजमध्ये ठेवू' म्हणून क्लेटनने तो ताडपत्रीखाली घातला होता. त्याला नऊ वर्षं झाली. आता उंदरांच्या तिसऱ्या की चौथ्या पिढीला तो वडिलोपार्जित वाटत होता.

गेल्या हंगामात क्लेटनचा नेम ऐंशी पावलांवरून चुकला. ऐंशी पावलांवरून माणूस बटाटा फेकूनही एल्कला लावील. घरी येऊन त्याने तीन दिवस विचार केला आणि निदान केलं.

"पावडर," तो म्हणाला.

"पावडर काय?" नॉरीनने विचारलं.

"आतली दारू गं. थंडीत मंदावते. पहाटे पारा शून्याखाली होता. गोळी खाली गेली."

"ड्वेन म्हणाला, तुझे हात थरथरत होते."

"हात थरथरले कारण मला पावडरीचा भरवसा नव्हता."

त्यावर नॉरीनने भांडी पुसायचं फडकं खाली ठेवलं. ती शाळेची बस चालवायची; चाळीस पोरांना नुसत्या आरशातून गप्प करायची तिला सवय होती. "क्लेटन, या हंगामात फ्रीझरमध्ये एल्क पडला, आणि तोही तू भरलेल्या काडतुसाने, तर खोली कायमची तुझी. मी मागाचं नावही काढणार नाही. नाहीतर टेबल गराजमध्ये आणि माग आत."

"कबूल!" क्लेटन म्हणाला, आणि लगेच नवा तक्ता आखायला बसला. ड्वेन तेव्हा तिथेच केक खात बसला होता. तोंडातला घास न संपवता त्याने साक्षीदार म्हणून हात वर केला.

आता काडतुसात असतं काय? पितळी पुंगळी, वर गोळी, पोटात पावडर आणि बुडाशी मसुरीच्या डाळीएवढी टिकली, जिला प्राइमर म्हणतात. बंदुकीचा घोडा पडला की टिकली ठिणगी देते, ठिणगीने पावडर पेटते आणि गोळी सुटते. चारच गोष्टी. पण चार भाज्यांत बायका जेवढे स्वयंपाक करतात त्याहून जास्त घोळ चार गोष्टींत घालता येतो, हे नॉरीनला लग्नानंतर समजलं.

फेब्रुवारी पावडर निवडण्यात गेला. एक थंडीला दाद देत नव्हती पण मापात नीट पडत नव्हती. दुसरी मापात सुरेख पडायची पण नळीत काजळी धरायची. मार्च टिकल्यांत गेला. साधी टिकली की जोरकस? "मोठ्या जनावराला जोरकसच हवी," क्लेटन सोमवारी म्हणायचा. "जोरकस टिकलीने पावडर बिथरते," असं मंगळवारी. शेवटी प्रश्न दुकानानेच सोडवला. टिकल्यांचा तुटवडा होता आणि माणशी शंभरच मिळत होत्या, त्याही साध्या. क्लेटन म्हणाला, त्याचा कौल साध्यांकडेच झुकत होता.

एप्रिलमध्ये त्याने पहिली वीस काडतुसं भरली आणि त्यांतली बारा कागदावर झाडली. भोकं बशीएवढ्या जागेत पडली.

"छानच की!" नॉरीन म्हणाली. "एल्कचं काळीज बशीहून मोठं असतं."

क्लेटनने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने चर्चमध्ये शिट्टी वाजवली. उरलेली आठ काडतुसं त्याने कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकली, डब्यावर पट्टी चिकटवली आणि पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं: निकामी. त्याला नाण्याएवढा भोकांचा झुबका हवा होता. त्याहून मोठं काही दाखवलं की तो जेवत नसे.

मे महिन्यात अनर्थ झाला. काडतुसं भरणाऱ्यांचा पहिला नियम, तोही क्लेटननेच भिंतीवर लावलेला: टेबलावर एका वेळी एकच पावडर. त्या दिवशी तुलनेसाठी म्हणून त्याने दोन डबे उघडले होते. मापाच्या नरसाळ्यात पावडर ओतली, आणि फोन वाजला. ड्वेनला ट्रेलर हवा होता. ट्रेलरवरून गोष्ट टायरवर आली, टायरवरून सासूवर. अर्ध्या तासाने क्लेटन परत आला. नरसाळं भरलेलं, डबे दोन, दोन्ही उघडे, आणि दोन्ही पावडरी काळ्या तिळासारख्या हुबेहूब. एकीच्या जागी दुसरी गेली तर रायफल तोंडावर फुटते.

तो घाबरला नाही. त्याने आत्मविश्वासाने नरसाळं डाव्या डब्यात रिकामं केलं. मग आत्मविश्वास ओसरला, म्हणून त्यातली थोडी उजव्यात टाकली. आता दोन्ही डबे संशयित झाले.

"नॉरीन! मी डाव्यातून ओतली होती की उजव्यातून?"

"मला काय विचारतोस? फोनवर सासूपर्यंत तू पोचलास, मी नाही."

संशयाची पावडर हिरवळीवर टाकायची, ही त्यांच्याकडची जुनी रीत. गवताला ती खतासारखी मानवते. क्लेटनच्या बापाने टाकली होती, आजोबांनीही. अशी माणसं गावात अजून आहेत ज्यांच्या हिरवळीवरून त्यांचा गोंधळ मोजता येतो. क्लेटनने दोन्ही डबे मागच्या अंगणात विस्कटले, टोपी काढली आणि क्षणभर उभा राहिला.

जूनमध्ये पाऊस झाला आणि ते गवत असं वर आलं की शेजारी कुंपणाशी थांबून विचारायला लागले.

"काय घालता हो याला?"

"नवऱ्याची हुशारी," नॉरीन म्हणाली.

क्लेटनने त्याच नावाचा नवा डबा आणला. पण बनावटीचा क्रमांक वेगळा. क्रमांक वेगळा म्हणजे स्वभाव वेगळा, आणि स्वभाव वेगळा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. भरायची, झाडायची, तक्ता भरायचा, मान हलवायची. टिकल्या शंभराच्या साठ झाल्या, साठाच्या वीस. हंगाम उघडायच्या आदल्या दुपारी तो धापा टाकत घरात आला. हातात कागद, कागदावर तीन भोकं, आणि तिन्हींवर एक नाणं ठेवलं की झाकली जात होती.

"सापडलं!" त्याचा आवाज फुटला. "नॉरीन, सापडलं! हेच ते. बघ!"

नॉरीनने कागद पाहिला. खरंच सुंदर होता. तिने तो फ्रीजवर चुंबकाने लावलाही. "मग उद्यासाठी किती आहेत अशी?"

क्लेटनने खिसे चाचपले. मग दुसरे खिसे.

"तीनच उरली होती," तो म्हणाला. "पण खात्री नको का करायला?"

पहिलं काडतूस मधोमध लागलं म्हणून दुसरं झाडलं, दुसरं त्याच भोकात गेलं म्हणून तिसरं. टिकल्या संपल्या होत्या. दुकानात नव्हत्या, शेजारच्या गावात नव्हत्या. जगातलं सर्वोत्तम काडतूस त्याने शोधलं होतं, आणि ते आता फ्रीजवर होतं.

"त्या कॉफीच्या डब्यातली आठ ने," नॉरीन म्हणाली.

"ती निकामी आहेत."

तेवढ्यात ड्वेन आला. त्याने सगळं ऐकलं, न हसायचा प्रामाणिक प्रयत्न केला, मग गाडीतून दुकानातलं नवंकोरं खोकं आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. "घे रे दाजी. विषारी नाहीत."

क्लेटनने त्यातली पाच काडतुसं परक्याच्या ताटातून उचलावी तशी उचलली.

"आणि ही चुकली तर?" ड्वेनने विचारलं.

"दोष कारखान्याचा," क्लेटन म्हणाला, आणि एकदम त्याचा चेहरा हलका झाला. मग नॉरीनकडे न बघता म्हणाला, "खोलीचं... हंगाम पाच आठवडे आहे अजून. बघू."

आठवड्याची रजा टाकून तो पहाडात गेला. चार दिवस त्याला खारीही दिसल्या नाहीत. वरती हात-हात बर्फ पडला होता आणि एल्क चाऱ्यासाठी खाली उतरले होते. खाली सगळीकडे गवत पिवळं पडलेलं. एक तुकडा सोडून.

पाचव्या दिवशी सकाळी नॉरीन कॉफीचा कप घेऊन मागच्या खिडकीशी आली, आणि कप तसाच हातात राहिला. अंगणात एल्क उभा होता. क्लेटनच्या हुशारीत तोंड खुपसून, सावकाश, चवीने चरत होता.

गावाच्या हद्दीत गोळी झाडायची बंदी. पण कुंपण हीच हद्द. पलीकडे ड्वेनचं गवताचं शेत, आणि शेतामागे मातीची टेकडी. नॉरीनही शिकारीचा परवाना दर वर्षी काढायची, चर्चमध्ये वर्गणी द्यावी तसा. वडिलांची जुनी रायफल दाराशी कोटांच्या कपाटात होती, क्लेटनच्याच काडतुसांच्या मापाची. ड्वेन म्हणायचा, लग्न त्यावरच जमलं.

तिने झोपायच्या झग्यावर शिकारीचं नारिंगी जाकीट चढवलं आणि रायफल काढली. टेबलावर दुकानातलं खोकं उघडं होतं, पंधरा काडतुसं ओळीने मांडलेली. हाताच्या अंतरावर.

नॉरीन उभी राहिली. हात पुढे केला की फ्रीझरमध्ये एल्क आणि मागच्या खोलीत माग. पूर्वेची खिडकी, तिथे सकाळी ऊन येतं. कुठल्या रंगाचं सूत आधी लावायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. समोर फ्रीजवर कागद होता, तीन भोकांचा. त्याखाली क्लेटनने बारीक अक्षरांत तारीख घातली होती, पोराच्या पहिल्या दाताची घालावी तशी.

"मूर्ख," ती म्हणाली. कोणाला, ते एल्कलाही कळलं नसतं. मग ती टेबलाला वळसा घालून मागच्या खोलीत गेली आणि कॉफीच्या डब्यातून एक काडतूस घेऊन आली.

अंगणात जाऊन तिने भांड्यांचं फडकं झटकताच एल्क कुंपणावरून उडी मारून शेतात गेला, आणि त्यामागे फाटकातून ती. शंभरेक पावलांवर थांबला आणि वळून बघायला लागला, की हे नारिंगी काय आहे. त्याला उत्तर मिळालं. एकच गोळी. तो जागीच बसला.

संध्याकाळी क्लेटन रिकाम्या हातांनी परतला तेव्हा ड्वेनच्या कोठारात एल्क टांगलेला होता.

"कोणी?"

"मी," नॉरीन म्हणाली. "तुझ्या काडतुसाने. खोली तुझी."

क्लेटनचा चेहरा उजळला. त्याने तिला मिठी मारली, अगदी उचलली. मग हळूहळू खाली ठेवली. "माझं कुठलं? माझी तर संपली होती."

"निकामीच्या डब्यातलं."

 त्याने एल्कभोवती एक फेरी मारली, भोक वाकून पाहिलं, बोटाने मोजलं.

"किती झाडल्यास?"

"एक."

"एका गोळीवरून काही सिद्ध होत नाही, नॉरीन," तो हळव्या आवाजात म्हणाला. "निदान तीन हव्यात."

ड्वेन कोठाराबाहेर निघून गेला. बाहेरून बराच वेळ त्याचा खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

रात्रीच्या जेवणाला एल्कचं काळीज होतं, कांद्यावर परतलेलं. क्लेटन चावता चावता थांबला. "तो एप्रिलचा डबा. ती पावडर आता कुठेच मिळायची नाही. त्या क्रमांकाची."

"मिळाली की," नॉरीन म्हणाली. "ती गवताने खाल्ली, गवत एल्कने, आणि एल्क तू खातोयस. नीट चाव."

जेवण झाल्यावर मागच्या खोलीतून टेबल सरकवल्याचा आवाज आला. नॉरीनने भांडी घासता घासता नळ बंद केला. तिने दारातून पाहिलं. क्लेटन पूर्वेच्या खिडकीखाली मोजपट्टी घेऊन गुडघ्यांवर बसला होता.

"पाच फूट," तो म्हणाला.  तिचा माग बरोबर पाच फुटांचा होता.

"दुसरं टेबल बसेल इथे," क्लेटन म्हणाला. "या निकामीवर स्वतंत्र काम करायला हवं."

नॉरीन स्वयंपाकघरात परत आली. दुकानातल्या खोक्यातली पंधरा काडतुसं तिने मोजून पाहिली, खोकं बंद केलं आणि लोकरीच्या खणात तळाशी ठेवून दिलं. पुढच्या वर्षासाठी.