द्वारकावहिनींची बरणी

बाळांनो, सरसावून बसा. एका जंगलात रंगोबा नावाचं अस्वल राहत होतं. मधापेक्षा लोणचं आवडणारं अस्वल तुम्ही पाहिलं नसेल. हा तसा होता. होता होता त्याचे पाय सुजले आणि मोहाच्या झाडावर चढणं बंद झालं.

त्याची बायको अनसूया त्याला डॉक्टर टिटवीकडे घेऊन गेली. टिटवीने रिपोर्ट पाहिला आणि सवयीप्रमाणे ओरडली, "मूत्रपिंडं थकलीत! लोणचं बंद, पापड बंद, सॉस बंद. तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर आठवड्यातून तीनदा मशीनला जोडावं लागेल!"

"उपासाचं मीठ तरी चालेल ना?" रंगोबाने विचारलं. जन्मात त्याने एकही उपास केला नव्हता.

"तेही मीठच! आणि बाजारातलं कमी सोडियमचं तर मुळीच नको. त्यात पोटॅशियम असतं."

त्या दिवसापासून अनसूयेने स्वयंपाकात मीठ घातलं नाही. रंगोबाने एक घास घेतला, "यापेक्षा मशीन बरं," म्हणाला आणि ताटावरून उठला. दोन दिवस जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या रानडुकरीण द्वारकावहिनी विचारपूस करायला आल्या. हातात लोणच्याची बरणी होतीच.

"वहिनी, त्यांना मीठ बंद आहे हो," अनसूया म्हणाली.

"अगं, हे घरचं आहे! घरचं कधी बाधतं का?"

अनसूयेने हसून बरणी घेतली. वहिनींची पाठ वळताच आतलं लोणचं वारुळामागे ओतलं. मुंग्यांनी त्याच दिवशी घर बदललं. मग तिने बरणी घासली. कोवळी काकडी चिरली. त्यात लिंबू पिळलं, आलं किसलं, फेसलेली मोहरी आणि चिमूटभर तिखट घातलं, वरून फोडणी ओतली. मिठाचा कण नाही.

"द्वारकावहिनींनी दिलंय," ती म्हणाली. "दोनच फोडी मिळतील."

मोहरी रंगोबाच्या नाकात चढली, डोळ्यांत पाणी आलं. "याला म्हणतात लोणचं! शीक जरा त्यांच्याकडून," असं म्हणून त्याने दोन भाकऱ्या संपवल्या.

अनसूयेला राग आला, रडूही आलं. पण तो जेवत होता. मिठाशिवाय लोणचं टिकत नाही, म्हणून ती दिवसाआड ताजं करायची आणि दिवसाआड वहिनींचं कौतुक ऐकायची.

तीन महिन्यांनी टिटवी पुन्हा ओरडली, पण आनंदाने. सूज उतरली होती, आकडे सुधारले होते. "अनसूयाबाई, केलंत तरी काय तुम्ही?"

अनसूयेने तोंड उघडलं. तेवढ्यात रंगोबा म्हणाला, "हिने कसलं काय! द्वारकावहिनींचं लोणचं!"

झालं. जंगलाने वडाखाली द्वारकावहिनींचा जाहीर सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. रंगोबा भाषण करताना गहिवरला. कुणीतरी कृती विचारली. वहिनी लाजून म्हणाल्या, "विशेष काही नाही. मीठ तेवढं हात सैल सोडून घालायचं."

अनसूया शेवटच्या रांगेत बसली होती. खरं सांगितलं असतं, तर रंगोबाने उद्यापासून ते लोणचं तोंडात घातलं नसतं. तिने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि लवकर उठली. काकडी चिरायची राहिली होती.

तात्पर्य: नवऱ्याचा जीव वाचवायचाच असेल, तर तो शेजारणीच्या नावाने वाचवावा. शालीची वाट पाहू नये.