मिलिंदनं सोडलेली जागा

मिलिंदचा डावा पाय त्याच्या ताब्यात नसतो. जेवताना, बोलताना, पेठला एसटीची वाट बघताना तो आपला जमिनीवर टुक-टुक चालूच. एकदा त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. मध्यस्थ मीच. पोह्यांच्या टेबलाखाली पाय सुरू झाला, आणि पलीकडं मुलीच्या मामाची नडगी होती.

"पावणं, मुलाला झटके येत्यात का?" मामांनी विचारलं.

"छ्या! जाझ वाजवतो तो," मी घाईघाईनं खुलासा केला. सोयरीक तिथंच मोडली.

मिलिंद आमच्या लोणीचा. आधी भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्ड, मग लग्नांचा ऑर्केस्ट्रा, मग पुण्यातलं हॉटेल. तिथं कुणा गोऱ्या पाहुण्याचे कान टवकारले आणि हा विमानात बसला. आता परदेशात लोक तिकीट काढून त्याचा ऑर्गन ऐकतात, तेही त्यानं स्वतः बांधलेल्या रचना. त्या ऑर्गनला हातांसाठी पट्ट्या असतात तशा पायांसाठीही. गावाकडचा ऑर्गन त्यानं कांदे साठवायच्या बराखीत ठेवलाय. का, तर हवा खेळती राहते!

"पण जाझ म्हणजे नेमकं काय रे?"

"ठरवून वाट चुकायची अण्णा, अन् जेवायच्या टायमाला घरी पोचायचं."

मी गावातला निवेदक. लग्न असो, दहावा असो, माइक हातात आला की श्वास घेणंसुद्धा मला वेळ घालवणं वाटतं. मिलिंद दरवेळी म्हणायचा, "अण्णा, मधी जरा जागा सोडीत जा राव."

त्याच्या आईचा पहिला स्मृतिदिन. विहारासमोर मांडव, समोर सगळं गाव. वंदना झाली, भाषणं झाली, आणि मिलिंद अनवाणी ऑर्गनवर बसला. गावासमोर स्वतःची रचना तो पहिल्यांदाच वाजवणार होता. डावा पाय टुक-टुक चालू लागला, हात वाट चुकून भलतीकडंच हिंडून आले, आणि मधेच सगळं थांबलं. मिलिंद मान वळवून लोकांकडं बघत राहिला.

मला वाटलं, विसरला! गावच्या पोराची अब्रू राखायला मी माइक ओढला. "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत! जेवणाची सोय विहाराच्या पाठीमागं केलेली आहे. कुणीही जेवल्याशिवाय जायचं नाही..."

गाव उठलं. मांडवात आम्ही दोघंच उरलो.

"संपलं नव्हतं का रे?"

"न्हाई." तो पट्ट्यांकडं बघत होता. "आमच्या हिरीवरचं इंजिन आठवतंय? मी इंजिनापाशी, आई पार खाली उसाला दारं धरून. इंजिन थांबलं की तिकडनं वरडायची, 'मिल्याऽ, बंद पडलं का रंऽ?' तेवढीच जागा सोडलीया. बाहेर लोक त्या जागंला श्वास धरून गप बसत्यात. वाटलं व्हतं, हितं कुणीतरी वरडंल. समद्यांनीच ऐकलीया की ती हाक."

मी तर रोज ऐकली होती. आमचं शेत त्यांच्या बांधाला लागून.

खाली बघतच म्हणालो, "परत वाजव."

पाय सुरू झाला. हात हिंडून आले. थांबले. मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. मागं पंगतीत "आमटी, आमटी" चाललेलं. इतकी लग्नं गाजवलेलं माझं तोंड उघडलं, आणि त्यातनं आवाजच फुटेना.

त्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग मान वळवली, आणि डाव्या पायानं इंजिन त्याचं त्यानंच चालू केलं.