राहून गेलेली उत्तरपूजा

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती, नदीकाठी एक वड होता आणि वडाखाली एक सार्वजनिक ग्रंथालय होतं. नदी आणि वड आपापले आले होते. ग्रंथालयाचं मात्र रीतसर उद्घाटन झालं होतं. नीट बसा, पाय हलवू नका, सांगतो.

त्या ग्रंथालयात दुर्मिळ पोथ्यांचं एक कपाट होतं. त्यातली सगळ्यात जुनी पोथी एका कासवाने लिहिलेली. कासव तीनशे वर्षं जगलं आणि बसल्या बसल्या त्याने नदीचा एकूण एक पूर लिहून ठेवला. कुठल्या साली पाणी कुठवर चढलं, सगळं. पुढे कासव गेलं. पोथी लाल रुमालात बांधून कपाटात राहिली.

एके दिवशी तुळसाक्का टिटवी ग्रंथालयात आली. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर आता झालं. मागच्या वर्षी अक्काने वाळूत चार अंडी घातली होती आणि चारही पुरात गेली. तीन दिवस ती पाण्यावर ओरडत फिरली. कान किटले म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली. यंदा पुन्हा तिचे दिवस भरत आले होते. आधी पाणी कुठवर येतं ते बघायचं आणि मगच अंडी घालायची, असं तिने ठरवलं होतं. बाई विचाराची होती. तिथंच सगळं बिघडलं.

ग्रंथपाल होते सायाळतात्या. पाठीवर लेखण्यांचं रान, पण त्यातली एकही कधी शाईत बुडाली नव्हती.

"तात्या, कासवाची पोथी पाहिजे होती," अक्का म्हणाली.

"दर्शनाला?"

"नाही हो, वाचायला."

तात्यांचे काटे उभे राहिले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

"अक्का, पोथी पूजेत आहे," ते हळूच म्हणाले.

आता तुमच्याही घरी दसऱ्याला पुस्तकं पूजेत ठेवतात. हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, आणि उत्तरपूजा होईपर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही. त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. तुम्हाला तो दिवस किती आवडतो, मला ठाऊक आहे. तर ग्रंथालयाचं उद्घाटन दसऱ्यालाच झालं होतं. अध्यक्ष आप्पासाहेब हत्ती यांनी पोथ्यांची यथासांग पूजा केली आणि ते घाईघाईने दुसऱ्या उद्घाटनाला गेले. उत्तरपूजा राहिली ती राहिलीच. वीस वर्षं झाली, पोथ्या पूजेतच होत्या.

"मग तुम्हीच करून टाका की उत्तरपूजा."

"ज्याने पूजा मांडली त्यानेच ती उतरवायची असते. मी कोण? मी रोज फुलं बदलतो. पण एक सांगतो अक्का, वीस वर्षांत एका पानाला बोट लागू दिलेलं नाही."

अक्का उडत उडत आप्पासाहेबांकडे गेली. ते एका पाणवठ्याची फीत सोंडेने कापत होते.

"उद्घाटनं मी करतो, अक्का. समारोप सचिव बघतात," आप्पासाहेब म्हणाले.

"सचिव कुठं भेटतील?"

"ते पद रिकामं आहे. आपण असं करू, या दसऱ्याला बघू."

दसऱ्याला तीन महिने होते. पोटातली अंडी दसरा बघून थांबत नाहीत.

अक्का परत ग्रंथालयात आली. तात्या काही वाईट जीव नव्हते. त्यांनी तिला पाणी दिलं आणि पुढ्यात अभिप्रायाची वही ठेवली. "आलाच आहात तर दोन शब्द लिहा." वहीचा तिसरा खंड भरत आला होता. माकडांपासून मोरापर्यंत सगळ्यांनी लिहिलं होतं, अमूल्य ठेवा पाहून धन्य झालो.

वही चाळता चाळता अक्काच्या पोटात कळ आली. तिने कपाटाकडे पाहिलं, दाराबाहेरच्या खडीकडे पाहिलं, आणि तिच्या मनात आलं, एवढ्या जाणत्या मंडळींनी एवढा अमूल्य ठेवा जिथं ठेवलाय, तिथं पाणी येतच नसणार. त्यांनी पोथी बघूनच जागा निवडली असेल.

तिने ग्रंथालयाच्या दारात चार अंडी घातली.

बाराव्या दिवशी वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि भर दुपारी नदी अंगणात आली. अक्काने चोचीने अंडी ढकलून पाहिली. पंख पसरून पाण्यापुढे उभी राहिली. पाणी टिटवीला भीत नाही. तिच्या डोळ्यांदेखत एकेक अंडं गेलं.

मग दार फुटलं आणि पोथ्या बाहेर आल्या. लाल रुमाल सुटले. वीस वर्षांत पहिल्यांदा कासवाची पोथी उघडली, आणि वर घिरट्या घालणाऱ्या अक्काने शाई फुटायच्या आत एक पान वाचलं. 'महापुरात पाणी या वडाच्या पहिल्या फांदीला लागले. त्या फांदीखाली कोणी घर करू नये.'

ती ओरडली. पण टिटवी ओरडतेच, असं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. टेकाडावर जमलेली मंडळी वाहत्या पोथ्यांकडे बघत होती. आप्पासाहेबांनी सोंड कपाळाला लावली. "चला, विसर्जन झालं," ते म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. आता उत्तरपूजेचा प्रश्नच उरला नव्हता.

पाणी ओसरल्यावर अक्का तात्यांकडे गेली. तिचा आवाज पार बसला होता. पोथीत काय होतं ते तिने सांगितलं, पाणी कुठवर आलं ते दाखवलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लिहून द्या, अक्का. आता हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

अक्काने रात्रंदिवस बसून लिहिलं. चार अंड्यांचंही लिहिलं. पुढच्या बाईला तरी कळेल, एवढीच तिची इच्छा होती.

दसऱ्याला त्याच वडाखाली, जागा पवित्र म्हणून, नवं ग्रंथालय उभं राहिलं. अक्काची पोथी लाल रुमालात बांधून कपाटात ठेवली. आप्पासाहेबांनी तिला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि ते घाईघाईने दुसऱ्या उद्घाटनाला गेले.

तात्पर्य : ज्ञानाला हात जोडावेत, हात लावू नये. अंडी काय, पुढच्या वर्षी पुन्हा घालता येतात.