साहेबांची आवाजबंद केबिन

ऑफिसात सगळे त्याला ध्वनिशास्त्री म्हणत, कारण दिसेल त्या भिंतीला टिचकी मारून तो कान लावून उभा राहायचा. साहेबांनी त्याला तात्पुरता घेतला होता. अट एकच : केबिन अशी आवाजबंद कर की आतला शब्द बाहेर येता कामा नये, मग नोकरी कायम.

“साहेब, आत तोफ उडवलीत तरी बाहेरची माशी उठणार नाही,” शास्त्री म्हणाला.

भिंतींना गाद्या लागल्या, छताला स्पंज लागला, आणि दार इतकं जाड झालं की ते उघडायला साहेबांना दोन्ही हात आणि थोडा राग लागायचा.

चाचणीची पद्धत त्याची स्वतःची होती. भित्रे लोक ‘हॅलो, हॅलो’ म्हणून बघतात. हॅलो बाहेर ऐकू गेलं तर कोणाचं काय बिघडतं? जे ऐकू गेल्यावर आपलं वाटोळं होईल, तेच बोललं तर खरी चाचणी. म्हणून साहेबांना दाराबाहेर उभं करून तो आत गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “आमच्या साहेबांचा आवाज म्हणजे फुटकी पिपाणी आणि डोकं म्हणजे रिकामं पिंप!”

दार उघडलं तेव्हा साहेब कान पुढे करून उभे होते.

“काय बोललास रे?”

“तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द, साहेब.”

“एकही ऐकू आला नाही. शाब्बास.”

शास्त्री शीळ घालत चहाच्या खोलीत गेला. तिथे हिशेबनीस भिंतीला टेकून हसून हसून पाणावलेले डोळे पुसत होते आणि चहावाल्या मावशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

“फुटकी पिपाणी,” मावशी कशाबशा म्हणाल्या. “अहो, असं कोणी बोलतं का?”

त्याने मान वर केली. भिंतीत एसीची जाळी होती. जाळीमागे पत्र्याचा बोगदा, आणि बोगद्याचं दुसरं तोंड थेट साहेबांच्या डोक्यावर. गाद्या ठोकण्याच्या नादात तेवढं भोक राहिलं होतं.

“मी आत्ता बुजवतो.”

“हात तर लावून बघा,” मावशी म्हणाल्या. “चहा बंद करीन.”

तेव्हापासून जाळीखाली खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. आत कोणाची खरडपट्टी निघतेय, कोणाची बदली होतेय, सगळं ताजं ताजं मिळू लागलं. आतून काही येत नसेल तेव्हा हिशेबनीस नाकात बोलून शास्त्र्याचं वाक्य सादर करत. लोक पोट धरून हसत.

एका दुपारी जाळीतून साहेबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा जास्तच स्पष्ट. “त्या शास्त्र्याला कायम करायचं नाही. महिनाअखेर निरोप द्या.”

शास्त्र्याला चहाचा ठसका लागला. तो धावत केबिनपाशी गेला. टकटक केली, बुक्क्या मारल्या, लाथा घातल्या, शेवटी खुर्ची आपटली. आत काही म्हणता काही जाईना. काम खरोखरच चोख झालं होतं.

तो घामाघूम होऊन परत आला.

“दारातून आवाजच जात नाही हो.”

“मग जाळीतून ओरड,” हिशेबनीस म्हणाले. “तिकडचं इकडे येतं, तर इकडचं तिकडे...”

ते तिथेच थांबले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मावशींनी हळूच गॅस बंद केला.

हा नियम शास्त्र्याने परीक्षेत आकृतीसकट लिहिला होता. तो स्टुलावर चढला, जाळीपाशी तोंड नेलं आणि जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाला, “साहेब... ऐकू येतंय का?”

“बोल की,” जाळीतून आवाज आला. “रिकामं पिंप ऐकतंय.”