फुकटचा तेवढा द्या

"काका, मला पहिला डबा नकोय. त्याच्यावरचा फुकटचा तेवढा मिळेल का?"

हा प्रश्न न हसता, न अडखळता, मॅनेजरच्या डोळ्यांत बघून विचारायचा अशी पैज होती. पैज लावणाऱ्या दोन मैत्रिणी, एक चष्मेवाली आणि एक उंच, बिस्किटांच्या मांडणीआड लपल्या होत्या. लपली होती ती चष्मेवालीच म्हणा. उंच मैत्रीण कुठल्याच मांडणीआड मावत नसे.

पैजेला कारणही तसंच होतं. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचं निवेदन कोण करणार, त्यासाठी सोमवारी नावं द्यायची होती आणि प्रश्न विचारणाऱ्या या मुलीला ते करायचंच होतं. गेल्या वर्षी हिने मानलेले चार ओळींचे आभार पहिल्या बाकापर्यंतही पोहोचले नव्हते. तेव्हापासून वर्गात हिचं नाव पडलं पुटपुट. पण या वर्षी काय झालं कोण जाणे, हिला कंठ फुटला. वर्गात शंका विचारू लागली. बसमध्ये "जरा सरका" म्हणू लागली, आणि लोक सरकायचेसुद्धा. मैत्रिणींचा मात्र अजून विश्वास नव्हता.

"परक्या माणसाला हा प्रश्न विचारून दाखव, मग खुशाल नाव दे," चष्मेवाली म्हणाली होती. "नाही जमलं तर स्टेजवर तुझं ततपप होणार आणि खाली आम्ही तोंड लपवणार."

घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माणसाने चारचौघांत नजरेत भरू नये, असं बाबांचं ठाम मत होतं. स्वस्त मालाच्या या दुकानात तर ते मत फारच उपयोगी पडे. कपडे धुण्याच्या पावडरीवर पाटी होती: 'एकावर एक फुकट. एका कुटुंबाला एकच जोडी.' ती पाटी वाचून बाबांनी घरात नियम केला होता, की दुकानाच्या दारातून आत पाऊल टाकलं की आपण एकमेकांचे कोणी नाही. तिघांच्या तीन ट्रॉल्या, तीन रांगा आणि तीन जोड्या. आईला हे सोपं होतं. ती घरी बाबांना 'अहो' म्हणायची आणि परक्या माणसालाही 'अहो'च म्हणायची. पुटपुटला मात्र दर शनिवारी सख्ख्या बापाला 'काका' म्हणावं लागे.

तर आजही शनिवारच होता, आणि प्रश्न विचारून झाला होता. न हसता, न अडखळता.

मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून तीन जणांनी त्याला सुट्ट्या अंड्यांवरून छळलं होतं आणि दारासमोर आडवी लावलेली पांढरी गाडी हलवा, असं त्याने आत्ताच माईकवरून दुसऱ्यांदा सांगितलं होतं. सांगून झाल्यावर माईकचं बटण बंद करायचं मात्र राहून गेलं होतं.

"मिळेल की," तो म्हणाला. "पहिला घ्यायचाच कशाला? फुकटचाच घ्या. सगळ्यांनीच घ्या. दुकान आपलंच आहे."

'मिळेल की'पासून 'आपलंच आहे'पर्यंतचे सगळे शब्द छतातल्या आठही स्पीकरांतून एकदम खाली आले.

क्षणभर दुकानातल्या सगळ्या ट्रॉल्या जागच्या जागी थांबल्या. मग सगळ्या एकाच दिशेला वळल्या.

पावडरीच्या मांडणीपाशी पुढची पाच मिनिटं नुसती चिकटपट्ट्या फाडण्याचा आवाज येत होता. दोन-दोन डबे एकत्र बांधलेले होते; त्यांतला फुकटचा तेवढा सुटा करून घ्यायचा तर तो ओळखायचा कसा, इथे घोडं अडलं.

"ज्याच्यावर 'फुकट' लिहिलंय तो फुकटचा," एक आजोबा म्हणाले.

"अहो, चिकटपट्टी दोघांवरून गेलीये. 'फु' याच्यावर आहे आणि 'कट' त्याच्यावर."

"मग 'फु'वाला माझा. मी आधी आलोय."

बघता बघता सगळे फुकटचे डबे ट्रॉल्यांमध्ये जाऊन बसले आणि सगळे पहिले डबे जमिनीवर बेवारशी पडले. तिथून वरात बिलाच्या काउंटरांवर गेली. तिथल्या ताईंनी डबा मशीनसमोर धरला, उलटा धरला, पुसून धरला.

"मशीनला जोडीच कळते," त्या म्हणाल्या. "नुसता फुकटचा डबा मशीनला दिसतच नाही."

"दिसत नाही ना? मग जाऊ द्या त्याला," रांगेतले गृहस्थ समजुतीने म्हणाले.

मॅनेजरने घाईघाईने माईक तोंडाशी धरला. "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावं. मघाची घोषणा ही घोषणा नव्हती. डबे जागेवर ठेवावेत."

"आवाज तर तोच आहे," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"मघाशी बरा बोलत होता. आता कोणीतरी शेजारी उभं राहून बोलायला लावतंय."

मॅनेजरने आणखी दोनदा सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी रांग आणखी घट्ट झाली. शेवटी त्याने घाम पुसला आणि माईक पुटपुटच्या हातात कोंबला.

"प्रश्न तुझा होता. आता तूच निस्तर. माझ्या आवाजाची पत गेली."

तिने माईक धरला. गेल्या वर्षीचं स्टेज आठवलं, ते पहिलं बाकही आठवलं. बिस्किटांच्या मांडणीवरून उंच मैत्रिणीचं डोकं दिसत होतं, आणि चेहऱ्यावर 'आता झालं कल्याण' असा भाव होता. इथे ततपप झालं तर सोमवारी नाव देण्यात काही अर्थ नव्हता. तिने मनात वाक्य जुळवलं: 'सन्माननीय ग्राहकहो, आपणांस नम्र विनंती.' तोंड उघडलं, तर 'सन्माननीय' काही बाहेर येईना.

तेवढ्यात तिला तिसऱ्या रांगेत बाबा दिसले. त्यांच्या ट्रॉलीत फुकटचे चार डबे होते आणि पाचवा काखेत. तिच्याशी नजर भिडताच ते ओळख नसल्यासारखे छताकडे बघू लागले. आणि मग वाक्यबिक्य सगळं बाजूला राहिलं. घरात जसं तोंडातून निघतं तसंच निघालं, पण आठ स्पीकरांतून.

"बाबा, तो डबा खाली ठेवा बघू."

पहिल्या रांगेतल्या मिशीवाल्या गृहस्थांनी डबा खाली ठेवला. त्यांच्यामागच्याने ठेवला. मधल्या रांगेतल्या टक्कलवाल्यांनी इकडेतिकडे बघत दोन ठेवले. दुकानात होते नव्हते तेवढे बाप, प्रत्येकाला वाटलं हे आपल्यालाच आहे. आजोबासुद्धा वाकले, त्यांची मुलगी म्हणे अगदी याच सुरात बोलते.

पुटपुटच्या अंगात आता वारं शिरलं.

"काखेतला पण, बाबा."

आणखी सात काखा रिकाम्या झाल्या.

"आणि आई, ओढणीखाली काय आहे ते मला दिसतंय."

रांगांमधल्या बायकांकडून खाली आलेल्या डब्यांचा आवाज पुरुषांपेक्षा जास्त होता, एवढंच नोंदवून पुढे जाऊ.

"ज्यांना जोडी हवी आहे, त्यांनी एक पहिला आणि एक फुकटचा असे शोधून पुन्हा जमवा. 'फु'ला 'कट' मिळालं की झालं," ती म्हणाली, आणि लोक हसले. मघाशी चिकटपट्टीवरून भांडणारे दोघे आता जमिनीवर उकिडवे बसून एकमेकांचे डबे जुळवून बघत होते. काउंटरवरच्या ताईंच्या मशीनलाही सगळं दिसायला लागलं.

मॅनेजर तिच्याकडे वळला. "एवढे बाबा वाकले. यांतले तुझे कुठले?"

पुटपुटने तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं.

"हे? यांना तर तू दर शनिवारी काका म्हणतेस."

बाबा हळूहळू पुढे आले. "तसं लांबचं नातं आहे," ते म्हणाले.

"अहो, पुरे," आई म्हणाली, आणि या खेपेला ते कोणाला उद्देशून आहे हे सगळ्या दुकानाला कळलं.

मॅनेजरला हसू आवरेना. त्याने बाबांच्या हातात एक जोडी ठेवली, कुटुंबाला एक. "पोरगी माझ्यापेक्षा बरं बोलते," तो म्हणाला. बाबांनी मान खाली घातली होती, पण ती खाली घातलेली मान किंचित ताठ झाल्यासारखी वाटली.

बिस्किटांमागून दोघी मैत्रिणी उघड उघड बाहेर आल्या होत्या. पुटपुटने माईककडे पाहिलं. लाल दिवा अजून लागलेला होता, हे तिला दिसत होतं. तिने बटणाला हात लावला नाही.

"आई, बाबा," ती म्हणाली, आणि दुकानाच्या पार शेवटच्या मांडणीपर्यंत सगळ्यांनी वर पाहिलं, "सोमवारी मी शाळेत निवेदनासाठी नाव देणार आहे. आणि पुढच्या शनिवारपासून दुकानात मी कोणाला काका म्हणणार नाही."