डेव्हिडमामांचं अर्धं पुस्तक

"तिसऱ्यांदा कडी वाजली तशी म्हातारी उठली. तिनं कंदील उचलला, दार उघडलं, तर दारात..."

एवढं वाचून डेव्हिडमामा पुस्तक मिटतात. चष्मा काढून डबीत ठेवतात आणि खुर्चीवरून उठतात. ऐकायला बसलेल्या आम्हा पाच-सात माणसांपैकी कुणी नवखा असला तर तो हमखास विचारतो, "दारात कोण होतं?" त्यावर मामांचं एकच उत्तर असतं : "फुडचा सिग्नल न्हाई."

हे वर्षातून दोनदा होतं. एकदा बारा डिसेंबरला आणि एकदा ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, चोवीसला. गेली दहा वर्षं मी दौंडमध्ये त्यांच्या शेजारी राहतो. म्हणजे ती म्हातारी दार उघडताना मी वीस वेळा पाहिली आहे, आणि वीसही वेळा मला फराळाची बशी हातात देऊन घरी पाठवण्यात आलं आहे. करंज्या उत्तम असतात. पण माणसाला उत्सुकता म्हणून काही असतंच ना.

मामा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाले, पण गाडीतून उतरले नाहीत. एक डिसेंबरपासून रोज संध्याकाळी बरोबर साडेसहाला त्यांच्या अंगणातून शिट्टी वाजते. शिट्टी झाल्यावर जो येईल त्याला फाटकातच उभं राहून ऐकावं लागतं. आमच्या हिला एकदा कुकरमुळे दोन मिनिटं उशीर झाला, तर मामांनी वाचता वाचता फक्त भुवई उचलली आणि ती अर्धा तास फाटकाला धरून उभी राहिली. घरी आल्यावर त्याबद्दल मी बोलणी खाल्ली.

तसा माणूस मनानं दिलदार. सहा डिसेंबरला आमच्या घरी वंदना असते, संध्याकाळी वस्तीतली माणसं येतात. म्हणून सहा तारखेची गोष्ट मामा सकाळीच वाचून टाकतात आणि संध्याकाळी पांढरा शर्ट घालून आमच्याकडे मेणबत्ती लावायला हजर असतात. तेव्हाही घड्याळ बघतात, तो भाग वेगळा.

पुस्तक जुनं, मराठी, नाताळच्या गोष्टींचं. मुखपृष्ठ त्यांच्या वडिलांच्या काळातच गेलं, त्यामुळे त्याचं नाव काय हे कुणालाच माहीत नाही. गोष्टी चोवीस. एक तारखेपासून रोज एक वाचायची म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी शेवटची. वडील तशी वाचायचे, आणि मामा व त्यांचा धाकटा भाऊ जोसेफ एका घोंगडीत बसून ऐकायचे.

पण मामांकडं आहेत त्या गोष्टी बारा. नीट मोजायचं तर पावणेबारा. म्हणून बारा झाल्या की तेराव्या दिवशी पुन्हा पहिलीपासून सुरुवात. उरलेलं अर्धं पुस्तक शिरूरला, जोसेफकडं.

त्याचं असं झालं. वडील गेले आणि शिरूरच्या घराची वाटणी करायला चुलते, आप्पा, बसले. आप्पा म्हणजे तराजू. दोन पलंग, एकेकाला एक. पातेली सहा-सहा. कोंबड्यासुद्धा चार-चार. धाकट्यानं घर घेतलं, थोरल्यानं दौंडची जागा घेतली. शेवटी राहिलं पुस्तक. थोरला म्हणाला, मी थोरला, मला पाहिजे. धाकटा म्हणाला, बाबांचं शेवटी मी केलं, मला पाहिजे. आप्पांनी दोघांना दोनदा विचारलं आणि मग घरातून पाव कापायची सुरी मागवली. जिथं शिवणीचा दोरा दिसला तिथं त्यांनी ती चालवली, आणि तो दोरा नेमका बाराव्या गोष्टीत, म्हातारीच्या दारात होता.

त्यानंतर दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. सतरा-अठरा वर्षं झाली त्याला. मार्थामामी होत्या तोवर त्या नाताळला शिरूरला फोन करून दोन्हीकडची खुशाली इकडून तिकडं करायच्या. त्या गेल्या आणि तोही मार्ग बंद झाला. आता मामांच्या घरात एक माणूस आणि अकरा खुर्च्या आहेत.

यंदाच्या डिसेंबरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं लग्न शिरूरला होतं. मी ते सहज बोलून गेलो.

"जावा की," मामा म्हणाले. "शिरूर काय कुनाच्या बापाचं हाय का?"

अर्ध्या तासानं फाटक वाजलं. "सर, तिकडं घोडनदीच्या अंगाला थंडी लई आसती. स्वेटर घ्या."

संध्याकाळी पुन्हा आले. "आन् ह्ये बघा, बाजारतळावरनं डाव्या हाताला एक गल्ली हाय. तिथं पिठाची गिरणी हाय. गिरणीपसनं तिसरं घर, निळ्या दाराचं, म्होरं लिंबाचं झाड. तिकडं आजाबात जाऊ नका."

"बरं," मी म्हणालो.

"दुपारी चारच्या आत तर जाऊच नका. झोपलेला आसतो त्यो."

इतक्या बारकाईनं 'जाऊ नका' म्हणून मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. लग्न लागलं, मी जेवलो आणि सव्वाचार वाजता निळ्या दारासमोर उभा राहिलो.

दार एका बाईंनी उघडलं. त्या जोसेफच्या पत्नी, रिबेकावहिनी. आत पलंगावर तेच कपाळ, तेच नाक घेऊन एक माणूस बसला होता, फक्त माझ्याकडं न बघता माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडं बघत होता.

"कोन हाय?"

"मी दौंडहून आलोय. डेव्हिडमामांच्या शेजारी राहतो."

"गार्डसाहेबानं धाडलं व्हय?"

"नाही. त्यांनी तर इकडं येऊ नका म्हणून सांगितलंय."

"मग बराबर हाय," जोसेफ म्हणाले. "पत्ता बी त्यानंच सांगितला आसंल."

साखरेनं त्यांचे डोळे नेले होते. आधी एक, मग दुसरा. आता उजेड कळतो, माणूस कळत नाही. चहा झाला. मी पुस्तकाचं विचारलं, तसं त्यांनी उशीखालून एक पंच्यात बांधलेला गठ्ठा काढला.

"माझं पुस्तक कसं सुरू व्हतं ठावं हाय का सर? वाचा."

मी पहिलं पान उघडलं. वरतीच, मध्येच तुटलेल्या वाक्याचं शेपूट होतं. "कुणीच नव्हतं."

दहा वर्षं मी ज्या दाराशी ताटकळलो होतो, तिथं कुणीच नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच ते नको वाटायला लागलं.

"दर वर्साला बारा तारखेला मी हे धरून बसायचो," जोसेफ म्हणाले. "सुरुवातच आशी. कुनीच नव्हतं. आता तर तीन वर्सं त्ये बी न्हाई. हिला वाचाया येतं, पर ही बातम्या दिल्यागत वाचती."

"मग ऐकू नका," रिबेकावहिनी आतून म्हणाल्या.

मी म्हटलं, मी वाचतो. पुढची ओळ वाचली : "वाऱ्यानं कडी हलली असेल, म्हातारी म्हणाली. तिनं दार लोटायला हात घातला, पण लोटलं नाही." मी चांगला वाचतो अशी माझी समजूत आहे, अठ्ठावीस वर्षं वर्गात वाचलंय. जोसेफनी दोन पानं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि मग माझ्या हातावर हात ठेवला.

"सर, वाईट न्हाई तुमचं वाचन. पर त्ये शाळंतलं हाय. म्हातारीनं हात घातला म्हनल्यावर बाबा थांबायचे. श्वास घ्यायचे. दादाला बराबर जमतं त्ये." मग जरा वेळानं, "आवाज कसा हाय त्याचा? बसला का?"

"नाही. खणखणीत आहे."

"आसनारच," जोसेफ म्हणाले. ते ऐकून त्यांना बरं वाटलं हे लपवायला त्यांनी पाणी मागितलं.

मी मोबाईल काढून म्हटलं, पानांचे फोटो घेतो, मामांना दाखवतो. तर त्यांनी गठ्ठा पटकन पंच्यात गुंडाळला. "फोटू बिटू न्हाई. त्याला पायजे आसंल तर हितं यायचं."

दौंडला पोचलो तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. मामा फाटकातच होते, गळ्यात शिट्टी.

"कसं झालं लगीन?"

"झालं छान."

"जेवान?"

"तेही छान." मग मीच म्हणालो, "मामा, निळं दार अजून निळंच आहे. पण जोसेफना आता दिसत नाही."

मामांनी शिट्टी हातात घेतली आणि तशीच धरून उभे राहिले. साडेसहा झाले, माणसं जमली, खुर्च्यांवर बसली. पावणेसात झाले. शेवटी आमच्या हिनं सगळ्यांना हळूच घरी जायला सांगितलं. त्या दिवशी शिट्टी वाजलीच नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे वीस तारखेला, सकाळी सातला मामा दारात. अंगात गार्डाचा जुना काळा कोट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून अर्धं पुस्तक डोकावतंय.

"शिरूरची यष्टी किती वाजता हाय?"

मी शाळेत रजा कळवली आणि गाडी काढली.

चौफुल्यापर्यंत ते माझ्या वेगावर बोलत होते. उसाच्या ट्रॉल्या मागं टाकायला लागलो की म्हणायचे, "हळू, हळू, आपल्याला कुठं टायमात पोचायचंय?" ज्या माणसानं माझ्या बायकोला दोन मिनिटांसाठी फाटकात उभं केलं, त्यानं हे म्हणावं! चौफुला मागं पडला आणि ते एकदम म्हणाले, "गाडी माघारी घ्या सर. गॅस बंद केला का न्हाई, ध्यानात न्हाई."

"केलाय. मी स्वतः पाहिलाय."

"नळ?"

"तोही."

न्हावऱ्याच्या अलीकडं मामा बोलले, पण माझ्याशी नव्हे, समोरच्या काचेशी बोलल्यासारखे. "आप्पानं सुरी लावली ना, तवा पयल्यांदा त्यो दोरा तोडला. एक एक टाका. निदान पाच मिन्टं लागली आसत्याल. मी बघत हुतो. मला वाटलं जोश्या म्हनंल, ऱ्हाऊ द्या, दादाला द्या. त्यो बी माझ्याकडं बघत हुता. एकानं जरी तोंड उघडलं आसतं तरी..." मी उगाच एका ट्रॉलीला हॉर्न दिला.

निळं दार उघडंच होतं. मामा उंबऱ्याशी थांबले. आत जोसेफ पलंगावर, मान वर करून.

"कोन हाय?"

मामांनी घसा खाकरला, एवढंच.

जोसेफची बोटं गोधडीवर घट्ट झाली. "चपला भायेर काढ," ते म्हणाले. "रिबेकानं आत्ताच फरशी पुसलीय."

मामांनी चपला काढल्या. आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. रिबेकावहिनी पाणी घेऊन आल्या आणि दोघांना बघून तशाच आत गेल्या. मी स्टुलावर बसलो होतो. मला वाटत होतं, आपण इथं नसतो तर बरं झालं असतं, आणि तरी उठवत नव्हतं. माझाही एक भाऊ आहे. भांडण नाही आमचं, पण फोन करायचा राहतो.

शेवटी मामांनी पिशवीतून आपलं अर्धं काढून पलंगावर ठेवलं. जोसेफनी पंचा सोडून आपलं त्याच्याशेजारी ठेवलं आणि हातानं चाचपून दोन्हीच्या कडा जुळवल्या. एक बाजू पिवळी पडली होती, दुसरी जास्त पिवळी. मामांनी चष्मा लावला, जोसेफचं अर्धं उचललं.

"आज ईस तारीख. ईसावी गोष्ट काढतो. चोवीसला बराबर संपत्यात."

"न्हाई," जोसेफ म्हणाले. "पयलीपसनं."

"आरं, पयलीपसनं धरलं तर नाताळ होऊन जाईल. जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडंल."

"उजाडू दे."

"मग रोज दोन दोन वाचतो."

"रोज एकच. बाबा एकच वाचायचे."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेरच्या लिंबाकडं पाहिलं. मग ते पिशवीत डोकावले, जणू आत आणखी काही सापडेल.

"दोनच शर्ट आनल्यात मी," ते हळू आवाजात म्हणाले.

"माझे घाल की," जोसेफ म्हणाले. "ल्हानपनी सगळे तुझेच घातल्यात मी."

मामांनी हातातलं ठेवून आपलं अर्धं उचललं, पहिलं पान काढलं. पण वाचायला सुरुवात करायला त्यांना बराच वेळ लागला.