वकीलसाहेबांच्या दारातले कूलर

आता हे मी सांगणार आणि तुम्ही म्हणणार, म्हाताऱ्याला ऊन लागलं. म्हणा. प्रकार अमरावतीच्या राजापेठेत घडला, अगदी याच उन्हाळ्यात. पण तिथे मी तो सांगत नाही, तिथली माणसं फार शंकेखोर. अकोल्यात, स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर, पारा सेहेचाळीसवर असताना सांगावा. एवढ्या उकाड्यात कोणाच्या अंगात खोटं पकडायची ताकद उरत नाही.

तर सकाळचे आठ वाजले होते. कमलाकांत वकिलांच्या घराची बेल वाजली. त्यांच्या पत्नी अनुपमाबाईंनी दार उघडलं, तर समोर हातगाडी, हातगाडीवर छातीएवढा कूलर आणि कूलरला टेकून पंचफुलाबाई. पंचफुलाबाईंची मागच्या गल्लीत खानावळ. ट्यूशनसाठी आलेली बाहेरगावची चाळीस पोरं तिथे दोन वेळ जेवतात.

"पोट्टं उठलं काय व तुमचं?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"कोण, गौरांग? त्याच्याकडे काय काम?"

"हा कूलर नुसता घूं घूं करते, पातं फिरत नाही. दुपारपर्यंत करून द्या म्हणा. पोट्टे जेवता जेवता घामानं वरण पातळ करून राहिले."

गौरांगचा इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल सहाच दिवसांपूर्वी लागला होता. राजापेठेत त्याच्याहून हुशार मुलगा नव्हता, निदान त्यांच्या घरात तरी तसं मत होतं. तेवढ्यात अर्धी दाढी केलेले वकीलसाहेब बाहेर आले.

"बाई, हे वकिलाचं घर आहे."

"मले माहीत आहे नं जी. पण बोर्डावर फोटो तुमच्याच पोट्ट्याचा आहे. कूलर, पंखा, मिक्सर, मोटर. आयटीआय पास."

'पास' हा शब्द ऐकून वकीलसाहेबांच्या गालावरचा साबण जागीच वाळला. "पास? माझा मुलगा पास नाही! नव्व्याण्णव पूर्णांक अडतीस पर्सेंटाइल आहे!"

"असन नं बाप्पा. पण कूलर फिरवते नं?"

एवढं बोलून पंचफुलाबाई कूलर ओसरीवर उतरवून निघूनही गेल्या. त्यांच्या मागे रिक्षात आणखी एक कूलर होता, त्यामागे स्कूटरवर आडवा धरलेला तिसरा. साडेनऊपर्यंत वकीलसाहेबांच्या दारात अकरा कूलर जमले. बाराही म्हणता आले असते, पण मी वाढवून सांगत नाही.

हा घोटाळा झाला होता वकार फ्लेक्सवाल्याच्या दुकानात. एकाच संध्याकाळी त्याच्याकडे दोन कामं आली. एक रागिणी मॅडमच्या ट्यूशन क्लासचं मोठं होर्डिंग, त्यात गुणवंत म्हणून गौरांगचा फोटो. दुसरं यास्मीनच्या नव्या दुकानाचा बोर्ड. यास्मीन म्हणजे गादी-रजईवाल्या अय्युबभाईंची मुलगी, वायरमनचा ट्रेड करून आयटीआयमधून बाहेर पडलेली. राजापेठेत चेहऱ्याशिवाय फ्लेक्स लावणं म्हणजे नवरदेवाशिवाय वरात काढणं, म्हणून तिचाही फोटो होता. वकारला मेव्हणीच्या लग्नाला चांदूर बाजारला जायचं होतं, आणि बाहेर गाडी हॉर्न मारत होती. त्या घाईत त्यानं हा चेहरा तिकडे आणि तो चेहरा इकडे चिकटवला, दोन्ही फ्लेक्स टांगले, मोबाईल बंद केला आणि आठ दिवसांसाठी वऱ्हाडी होऊन गेला.

चौकात यास्मीन नव्व्याण्णव पूर्णांक अडतीस घेऊन हसू लागली आणि कूलरच्या चित्रावर चष्मेवाला गौरांग गंभीर उभा राहिला. नावं दोन्हीकडे बरोबर होती. पण राजापेठेच्या गर्दीत नाव कोण वाचतं? स्कूटरवरून मान वळवली की चेहरा आणि आकडा दिसतो. नाव वाचायला थांबलात तर मागचा येऊन धडकतो.

वकीलसाहेबांची नुसती अब्रू गेली होती. यास्मीनचं त्याहून मोठं काहीतरी जायची वेळ आली होती. अय्युबभाईंनी तिला आपलं अर्धं दुकान दिलं होतं, पण अटीवर. "एक उन्हाळा देतो तुले. कूलरच्या सीझनमधी चाललं तं दुकान तुझं. नाही चाललं तं चुपचाप बी.ए.चा फॉर्म भर." चारशे चाळीस व्होल्टला न घाबरणारी ती पोर बी.ए.चं नाव काढलं की थरथरायची. आणि सीझन म्हणजे किती, तर दीड महिना!

बोर्ड लागल्यापासून तिच्याकडे माणसं खूप आली. कूलर एकानंही आणला नाही. जो येई तो पेढे मागे.

"अव बाई, तू तं मोठी इंजिनियर होऊन राहिली! आता कशाले हात काळे करतं?"

"आजी, तो फोटो चुकून लागला. मी आयटीआय केलं. वायरमन."

"पाहा, किती साधी आहे पोर! जराबी घमेंड नाही."

ती जितकी नाही म्हणे, तितकं तिचं कौतुक वाढे. आधी दुरुस्तीला टाकलेले तीन कूलरसुद्धा लोक परत घेऊन गेले. एवढ्या हुशार मुलीला त्रास द्यायला त्यांना लाज वाटली. शेवटी तिनं शिडी लावून बोर्डावरच्या गौरांगच्या तोंडावर वर्तमानपत्र चिकटवलं. तर लोक म्हणाले, काम लय वाढलं म्हणून पोट्ट्यानं तोंड लपवलं, लवकर वकिलाच्या घरी नंबर लावा!

मग ती रागिणी मॅडमकडे गेली. "मॅडम, तेवढा फोटो उतरवा. धंदा बसून राहिला माझा."

"अगं, उतरवू कसा? कालपासून ऐंशी मुलींनी प्रवेश घेतला," मॅडम म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, तुझा चेहराच फिजिक्सचा आहे. गौरांग जरा संस्कृतकडे झुकायचा."

पाचव्या दिवशी अय्युबभाई बाहेरून आले आणि रिकाम्या टेबलावर त्यांनी एक कागद ठेवला. तो कॉलेजचा फॉर्म होता. "वालिदच्या जागी माझं नाव भरलं मी. बाकीचं तू भर."

यास्मीननं फॉर्म घडी करून ओढणीच्या टोकाला बांधला, पिशवीत पकड, टेस्टर, वायर टाकली आणि तडक वकीलसाहेबांच्या घराकडे निघाली. आपले कूलर मागायला.

तिकडे वेगळंच घडत होतं. अकरा कूलर पाहून गौरांगच्या मनात शिरलं की यात अवघड ते काय? त्यानं मोटरवरची तीनशे गणितं सोडवली होती. प्लग मात्र जन्मात उघडला नव्हता. त्यानं पंचफुलाबाईंचा कूलर वडिलांच्या ऑफिसात आणला, कारण घरात मोठा सॉकेट तिथेच होता. वहीत आकृती काढली, बाण काढले. बेडरूमच्या पंख्याचा कंडेन्सर काढून कूलरला लावला, टाकीत चार बादल्या पाणी ओतलं. त्यातलं निम्मं फरशीवर सांडलं.

वकीलसाहेब टेबलाशी बसून वकारविरुद्ध नोटीस लिहीत होते. समोर एक हडकुळा पक्षकार होता आणि मध्ये त्याच्या चौदा वर्षं चाललेल्या शेताच्या दाव्याची फाइल.

"बाबा, लावतो हं," म्हणून गौरांगनं बटण दाबलं.

कूलर वारा फेकतो, हे तुम्हाला-मला माहीत. हा कूलर वारा ओढू लागला! तारा उलट्या लागल्या होत्या, पातं उलटं फिरत होतं. आधी नोटीस गेली. मग दाव्याची फाइल एकेक पान करत जाळीतून आत गेली. मग वकीलसाहेबांच्या गळ्यातला पांढरा बँड सुटून गेला. पक्षकार खुर्चीसकट दोन फूट कूलरकडे सरकला आणि त्यानं टेबलाचा पाय धरला म्हणून वाचला. मागच्या बाजूनं ओल्या वाळ्याचा फवारा भिंतीवरच्या घटनाकारांच्या तसबिरीपर्यंत उडाला. गौरांग बंद करायला धावला, बोट पत्र्याला लागलं आणि तो "आई!" म्हणून थेट सोफ्यावर जाऊन पडला. केस असे उभे, की कंगव्याला आत जायला जागा नाही.

"माझी फाइल!" वकीलसाहेब ओरडले आणि ओल्या फरशीवरून अनवाणी, दोन्ही हात पुढे करून कूलरवर झेपावले.

"हात नका लावू!"

दारात यास्मीन उभी होती. आवाज असा, की वकीलसाहेब जिथल्या तिथे थिजले. जिल्हा न्यायाधीशांनी थांबवल्यावरही ते इतक्या चटकन कधी थांबले नसतील. तिनं एका उडीत दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. कूलर थांबला. पक्षकारानं टेबलाचा पाय तरीही सोडला नाही.

"सगळे बाहेर कोरड्यात उभे राहा," ती म्हणाली. मग रबरी चप्पल घातलेल्या पायानं लाकडी पाटावर चढली, क्षणभर मेन वर केला आणि टेस्टरचं टोक कूलरच्या पत्र्याला लावलं. टेस्टरमध्ये लाल दिवा पेटला.



"पूर्ण बॉडीत करंट आहे साहेब," मेन पुन्हा पाडून यास्मीन म्हणाली. "पोराचं नुसतं बोट लागलं, अन् पायात बूट होता. तुम्ही तं दोन्ही हातांनी धराले निघाले होते. सुटले नसते."

सव्वीस वर्षांच्या वकिलीत कमलाकांत वकील पहिल्यांदाच गप्प झाले. चांगली चार मिनिटं. मग मुलाकडे वळून म्हणाले, "गौरांग, अरे नव्व्याण्णव पूर्णांक अडतीस..."

"त्याचं गणित बरोबर आहे साहेब," यास्मीन म्हणाली. "जे शून्य पूर्णांक बासष्ट उरलं, ते अर्थिंग."

तिनं दोन तारा अदलाबदल केल्या, सोललेली वायर टेप केली, अर्थिंगची तार जोडली. सात मिनिटं लागली. मेन चढवला आणि पातं सुलट फिरलं. आत गेलेले कागद फडफडत बाहेर आले आणि टेबलावर येऊन पडले, ते थेट तारखेप्रमाणे लागलेले! चौदा वर्षांत ती फाइल कधी अशी लागली नव्हती. पक्षकार म्हणाला, "हे पोरगी आधी भेटली असती तं दावा तवाच निकाली निघाला असता."

पंचफुलाबाई कूलर न्यायला आल्या होत्या, त्यांनी हे दारातून पाहिलं.

"अव माय! म्हंजे फोटोतलं पोट्टं खोटं, अन् हे पोट्टी खरी!"

आणि त्या हे वाक्य ओरडत गल्लीतून गेल्या. वकारच्या फ्लेक्सपेक्षा ते लवकर पोहोचलं. तासाभरात उरलेले दहा कूलर यास्मीनच्या दुकानाकडे निघाले. हातगाडीला एका बाजूनं अर्ध्या दाढीचे वकीलसाहेब स्वतः हात लावत होते. गौरांग केस दाबत मागे चालला होता.

"ताई, सुट्टीत मी येऊ का शिकायला?"

"ये. पण येताना रबरी चप्पल घालून ये, अन् ते वही घरी ठेव."

आता पुढचं ऐका. यास्मीननं ते कूलर असे केले, असे केले, की राजापेठेत भर मे महिन्यात हुडहुडी भरली! पंचफुलाबाईंची पोरं कानटोप्या घालून जेवू लागली. वकीलसाहेब कोर्टात काळ्या कोटावर शाल घेऊन उभे राहिले. आणि अय्युबभाईंची तर चांदी झाली. पारा सत्तेचाळीसवर, आणि दुकानासमोर रजयांसाठी रांग! एका आठवड्यात दोनशे रजया खपल्या, शेवटी त्या माणसानं आनंदाच्या भरात बी.ए.चा फॉर्म घेतला आणि...

"खोटं!"

टपरीच्या मागच्या बाकावरून आवाज आला. खांद्यावर तांब्याच्या तारेची भली मोठी गुंडाळी अडकवलेला एक घामाघूम माणूस उठून उभा राहिला. पाहतो तर साक्षात अय्युबभाई.

"कूलर उलटा फिरला, खरं आहे. वकीलसाब चूप झाले, तेबी खरं. पण रजई? एक रजई इकली असन तं कसम सांगतो! अर्धं दुकान दिलतं मी पोरीले. आता साऱ्या दुकानात तिचे कूलर आहेत, माह्या रजया घरी पलंगाखाली पडल्या, अन् मले ह्या उन्हात अकोल्याले तार आणाले धाडलं तिनं! वरून म्हणते कशी, 'अब्बा, तारेचा नंबर पाहून आणा. नाही समजलं तं गौरांगले फोन लावा.'"